घड्याळाला चावी देणारा माणूस : नेमबाजीच्या इतिहासात प्रशिक्षक कुठे आहेत?

(१) छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजात निजामकाळातला घड्याळाचा मनोरा आहे. मी त्याच परिसरात राहतो. मनोरा कोणत्या राजवटीत उभा राहिला, हे इथले फेरीवालेही सांगतात. त्या घड्याळाला चावी कोण देत असे, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. आजचा धागा खेळाविषयी आहे, पण त्याचे मूळ या प्रश्नात आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचा. तपशील सार्वजनिक नोंदींतले आहेत, मत माझे आहे.

(२) निमित्त एका वाचकाचे. त्याने लिहिले, "हिवाळी ऑलिम्पिकमधले बायथलॉनचे विजेते पुढे प्रशिक्षक होतात आणि तिकडे त्यांच्या दोन्ही कारकिर्दींविषयी लिहिले जाते. आपल्याकडे असे कोणी आहे का?" बायथलॉन म्हणजे बर्फावरून स्कीने धावायचे आणि मध्येच थांबून रायफलने नेम साधायचा. धाप लागलेली असते, नाडी जोरात चालू असते आणि त्याच अवस्थेत चाप ओढायचा असतो. १९६० पासून हा खेळ हिवाळी ऑलिम्पिकमध्ये आहे. महिलांना त्यात प्रवेश मिळायला १९९२ साल उजाडले.

(३) त्या जगातले एक उदाहरण पाहू. जर्मनीचा रिको ग्रोस याने १९९२, १९९४, १९९८ आणि २००६ या चार ऑलिम्पिकमध्ये रिले शर्यतीचे सुवर्णपदक मिळवले. पुढे तो प्रशिक्षक झाला, तोही दुसऱ्या देशांचा. आधी रशियाच्या पुरुष संघाला आणि नंतर ऑस्ट्रियाच्या संघाला त्याने शिकवले. युरोपातल्या क्रीडा-लेखनात अशा माणसाची दुसरी कारकीर्द पहिलीइतकीच महत्त्वाची मानली जाते. कोणाकडून शिकला, कोणाला शिकवले, काय बदलले, याची चर्चा होते.

(४) आपल्याकडे बर्फ नाही, तेव्हा बायथलॉनही नाही. पण १९७८ पासून बायथलॉनमध्ये जे काडतूस वापरतात, ते आपल्या नेमबाजांच्या ओळखीचे आहे : पॉइंट टू-टू. अंतरही तेच, ५० मीटर. बायथलॉनमध्ये पोटावर झोपून मारायचे लक्ष्य ४५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि उभ्याने मारायचे ११५ मिलिमीटरचे. स्थिर उभ्या राहणाऱ्या नेमबाजाला ही सवलत नाही. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. म्हणजे एका शर्टाच्या बटणाएवढे.

(५) त्या बटणाभोवती महाराष्ट्रात तीन पिढ्यांची एक परंपरा उभी आहे. तिच्या मध्यभागी मुंबईच्या दीपाली देशपांडे आहेत. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमधील नेमबाज, पुढे प्रशिक्षक आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या स्वप्नील कुसळेच्या मार्गदर्शक. माझे म्हणणे थोडक्यात असे : देशपांडे यांची कारकीर्द अथेन्सपाशी संपत नाही, तिथून खरी सुरू होते. आणि तिची नोंद ठेवण्याची आपली पद्धत सदोष आहे.

(६) आधी खेळ समजून घेऊ. प्रकाराचे नाव '५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स'. गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभे राहून, अशा तीन स्थितींत प्रत्येकी २० गोळ्या. एकूण ६०, कमाल गुण ६००. प्रत्येक स्थितीत शरीराचा तोल वेगळा, रायफलच्या दस्त्याची उंची वेगळी, पट्ट्याचा ताण वेगळा. एका स्थितीतून दुसरीत जाताना सगळी मांडणी नव्याने करावी लागते आणि घड्याळ चालूच असते. त्यात मैदान उघडे असेल तर वारा असतो. वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या छोट्या झेंड्यांकडे एक डोळा ठेवावा लागतो.

(७) कर्णपुऱ्याच्या यात्रेत फुगे फोडण्यापलीकडे ज्यांचा बंदुकीशी संबंध आला नाही (माझाही नाही), त्यांना प्रश्न पडतो की नेम धरायला शिकवायचे काय असते? पुष्कळ असते. रायफल हातांच्या जोरावर लक्ष्याकडे वळवायची नसते. शरीर अशा रीतीने मांडायचे असते की स्नायू सैल सोडले तरी नळी आपोआप लक्ष्याकडेच राहील. श्वास अर्धवट सोडून कुठे थांबायचे, किती वेळ थांबायचे आणि नेम जमत नाही असे वाटले तर चाप न ओढता रायफल खाली कधी घ्यायची, हेही शिकावे लागते. गोळी न भरता तासन्‌तास सराव करायचा असतो. एकाच कंपनीच्या काडतुसांच्या कोणत्या खेपेशी आपल्या नळीचे जुळते, हे तपासायचे असते. यातले कितीतरी खेळाडूला स्वतःला दिसत नाही. त्याला मागे उभा असलेला दुसरा डोळा लागतो.

(८) त्या दुसऱ्या डोळ्याची परंपरा मुंबईतल्या वरळीत सापडते. तिथे महाराष्ट्र रायफल असोसिएशनचे नेमबाजी केंद्र आहे आणि संजय चक्रवर्ती तिथल्या मुलामुलींना शिकवत. अंजली भागवत, सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे या तिघी त्यांच्या हाताखाली घडल्या. अंजली भागवत यांची वाट एनसीसीमधून या केंद्रापर्यंत आली होती. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये त्या १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. २००२ साली म्युनिकमध्ये त्यांनी 'चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स' हा किताब जिंकला.

(९) आता एक आकडा लक्षात घ्या. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकला भारताचे आठ नेमबाज गेले. त्यांत तीन महिला होत्या आणि तिघी रायफलच्या : भागवत, शिरूर, देशपांडे. म्हणजे त्या ऑलिम्पिकमधला भारताचा संपूर्ण महिला नेमबाजी संघ एकाच प्रशिक्षकाचा शिष्यवर्ग होता. एवढ्या मोठ्या देशाचा संघ एका गुरूच्या ओळीतून उभा राहतो, ही इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावी अशी गोष्ट आहे. अथेन्सची आपली सामूहिक आठवण मात्र राज्यवर्धनसिंह राठोड यांच्या रौप्यपदकाची आहे. तीही रास्तच आहे. पण त्या पदकाच्या सावलीत ही गोष्ट झाकली गेली.

(१०) अथेन्समध्ये सुमा शिरूर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. देशपांडे थ्री पोझिशन्समध्ये उतरल्या आणि अंतिम फेरीपर्यंत जाऊ शकल्या नाहीत. निकालपत्रकात त्यांची एक ओळ आहे. आपण ज्याला क्रीडा-इतिहास म्हणतो तो बहुतेक अशा निकालपत्रकांवरूनच लिहिला जातो. त्या पद्धतीने पाहिले तर ही ऑलिम्पिक कारकीर्द एका ओळीची. राजांच्या वंशावळी पाठ करून मध्ययुग समजते असे आपण मानत नाही. मग पदकांची यादी पाठ करून खेळाचा इतिहास समजतो असे का मानावे?

(११) आधी सुमा शिरूर यांच्याकडे पाहू, कारण दोघींच्या वाटा समांतर आहेत. २००४ मध्येच क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवून जागतिक विक्रमाची बरोबरी केली होती. २००६ साली त्यांनी 'लक्ष्य' शूटिंग क्लब सुरू केला, नंतर तो पनवेलला स्थिरावला. त्यांची शिष्या अवनी लेखरा हिने २०२१ मध्ये टोक्यो पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. २०२४ मध्ये पॅरिसला तिने ते पुन्हा जिंकले. या दोन पदकांच्या मधल्या काळात, २०२२ चा द्रोणाचार्य पुरस्कार शिरूर यांना मिळाला.

(१२) देशपांडे यांनी कनिष्ठ गटाची वाट धरली. राष्ट्रीय कनिष्ठ रायफल संघाला शिकवताना त्यांच्या हाताखाली देशभरातील मुले आली. अंजुम मौदगिल, अर्जुन बबुता, स्वप्नील कुसळे ही त्यांतली ठळक नावे. मौदगिलने २०१८ च्या जागतिक स्पर्धेत १० मीटर एअर रायफलचे रौप्य मिळवले. बबुता पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याच प्रकारात चौथा आला. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा कुसळे राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून नेमबाजीत आला होता आणि २०१५ मध्ये कुवेतच्या आशियाई स्पर्धेत कनिष्ठ गटाचे सुवर्ण त्याच्या नावावर होते.

(१३) इथे एक बारकावा सांगितला पाहिजे. देशपांडे ज्या खेळात ऑलिम्पिकला उतरल्या तो खेळ आणि त्यांनी शिष्यांना शिकवलेला खेळ अगदी एकच नव्हता. २००४ मध्ये स्थितींचा क्रम वेगळा होता : आधी झोपून, मग उभ्याने, शेवटी गुडघ्यावर. अंतिम फेरी दहा गोळ्यांची असे आणि तिचे गुण पात्रता फेरीच्या गुणांत मिळवले जात. २०१३ मध्ये नियम बदलले. आता अंतिम फेरी शून्यापासून सुरू होते, तिन्ही स्थितींत खेळावी लागते, क्रम गुडघ्यावर, झोपून, उभ्याने असा असतो आणि उभ्याच्या टप्प्यात सर्वांत मागे असलेले एकेक करून बाद होत जातात.

(१४) याचा अर्थ पाहा. जुन्या नियमांत वाढलेल्या नेमबाजाने स्वतः कधी न खेळलेली परीक्षा पुढच्या पिढीला शिकवायची होती. आपल्या आठवणी सांगून ते काम भागत नाही. आपल्या अनुभवातले काय कायमचे आहे आणि काय कालबाह्य झाले आहे, हे वेगळे करावे लागते. हे काम इतिहासकाराच्या कामासारखेच आहे. म्हणूनच चांगला खेळाडू आपोआप चांगला प्रशिक्षक होत नाही, आणि अंतिम फेरी न गाठलेला खेळाडू मोठा प्रशिक्षक होऊ शकतो.

(१५) मग टोक्यो आले. २०२१ मध्ये झालेल्या त्या ऑलिम्पिकला भारताचे १५ नेमबाज गेले, पदक एकही आले नाही. रिओपाठोपाठ हे दुसरे रिकामे ऑलिम्पिक. टीका झाली, प्रशिक्षकवर्ग बदलला गेला. देशपांडे राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकपदावर राहिल्या नाहीत. पदक आले तर ते खेळाडूचे आणि नाही आले तर प्रशिक्षकाचे, हा आपला जुना हिशेब. त्याबद्दल कोणा एका संस्थेला दोष देण्यात मला रस नाही. प्रेक्षक म्हणून आपणही तोच हिशेब मांडतो.

(१६) पद गेले, शिकवणे गेले नाही. कुसळेसारखे नेमबाज वैयक्तिक पातळीवर त्यांच्याकडे येत राहिले. २०२२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत कुसळे चौथा आला. पदक हुकले, पण भारतासाठी ऑलिम्पिकची जागा मिळाली. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सांघिक सुवर्ण मिळाले. वैयक्तिक अंतिम फेरीत मात्र तो आघाडीवर असताना उभ्याच्या टप्प्यात एक गोळी भरकटली आणि तो पुन्हा चौथा झाला. लागोपाठ दोन मोठ्या स्पर्धांत चौथा. या दोन चौथ्या क्रमांकांनंतरच्या महिन्यांची नोंद कोणत्याही निकालपत्रकात नसते. प्रशिक्षकाचे काम नेमके त्याच महिन्यांत असते.

(१७) १ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिम्पिकची नेमबाजी शातोरू येथे होती. पात्रता फेरीत ५९० गुणांसह कुसळे सातवा आला, म्हणजे आठ जणांच्या अंतिम फेरीत शेवटून दुसरा. जुन्या नियमांत हे ओझे घेऊनच पुढे जावे लागले असते, नव्या नियमांत सगळे शून्यावर आले. गुडघ्यावरच्या आणि झोपून मारायच्या मिळून ३० गोळ्यांनंतर तो पाचवा होता. नंतर उभ्याचा टप्पा आला, हांगझोऊला हातून निसटलेला तोच. या वेळी एकामागून एक प्रतिस्पर्धी बाद होत गेले आणि तो टिकून राहिला. ४५१.४ गुण, कांस्यपदक. या प्रकारातले भारताचे हे पहिले ऑलिम्पिक पदक.

(१८) महाराष्ट्राच्या दृष्टीने आणखी एक आकडा आहे, ७२. हेलसिंकीला १९५२ मध्ये खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्य मिळवल्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला एवढी वर्षे लागली. खाशाबांना जाता यावे म्हणून राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवले, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. अभिमानाबरोबर थोडी लाजही वाटायला हवी. हेलसिंकीच्या मॅटवर जे कळले ते पुढच्या पिढीपर्यंत पोहोचवील अशी भक्कम संस्थात्मक वाट त्या माणसाभोवती उभी राहिली नाही. त्यांची नोकरी पोलीस खात्यात झाली आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर दीड दशकाहून अधिक काळाने.

(१९) विजेता आणि त्याच्यानंतरचा विजेता यांच्यामध्ये ७२ वर्षांचे अंतर का पडते, याची कारणे अनेक आहेत : पैसा, मैदाने, साधने. त्यांतले एक कारण मी असे मांडतो की विजेत्याचे ज्ञान त्याच्याबरोबर विरून गेले. याउलट वरळीत शिकलेल्या तिघींचे ज्ञान विरले नाही, कारण शिकून बाहेर पडलेल्यांनी शिकवायला सुरुवात केली. पॅरिसमध्ये भारताला नेमबाजीची तीन पदके मिळाली. त्यांतल्या दोन पदकांची मानकरी मनू भाकर हिचे प्रशिक्षक जसपाल राणा हेही आशियाई सुवर्ण जिंकलेले नेमबाज. एक पिढी प्रशिक्षक होते तेव्हा पुढची पिढी शून्यापासून सुरू करत नाही.

(२०) १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती भवनात २०२४ चे राष्ट्रीय क्रीडा पुरस्कार दिले गेले. त्या यादीत स्वप्नील कुसळेचे नाव अर्जुन पुरस्कारासाठी होते आणि दीपाली देशपांडे यांचे द्रोणाचार्य पुरस्कारासाठी. शिष्य आणि गुरू एकाच वर्षीच्या यादीत. देशाने उशिरा का होईना, दोन्ही टोके जोडली. मात्र या दोन पुरस्कारांची जन्मवर्षे पाहा. अर्जुन पुरस्कार १९६१ पासून आहे, द्रोणाचार्य १९८५ पासून. शिकणाऱ्याचा गौरव करायला लागल्यावर शिकवणाऱ्याची आठवण व्हायला आपल्याला २४ वर्षे लागली. पहिल्या तीन द्रोणाचार्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते. किती जणांनी हे नाव ऐकले आहे?

(२१) आणखी एक खटकणारी गोष्ट. पदकानंतर कुसळेने देशपांडे आपल्याला आईसारख्या आहेत, अशी भावना व्यक्त केली. ती खरी आहे आणि सुंदर आहे. पण बातम्यांनी तेवढेच उचलले. पुरुष प्रशिक्षक असला की त्याची शिस्त, त्याची रणनीती, त्याचे तंत्र यांवर लिहिले जाते. स्त्री प्रशिक्षक असली की तिची माया. दस्त्याची उंची, पट्ट्याचा ताण, बदललेल्या नियमांचा अभ्यास, चौथ्या क्रमांकानंतरची उभारणी हे सगळे 'माया' या एका शब्दात गडप होते. खेळाडूला कृतज्ञतेने जे म्हणायचे ते त्याने म्हणावे. इतिहास लिहिणाऱ्याने त्यावर थांबू नये.

(२२) आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप : शेवटी चाप खेळाडूच ओढतो, मग प्रशिक्षकाला एवढे श्रेय का? मला श्रेयाची वाटणी करायची नाही. पदक खेळाडूचेच आहे. माझा प्रश्न कारणमीमांसेचा आहे. पानिपतावर कोण लढले हे सांगितल्यावर रसद का तुटली हे सांगणे म्हणजे लढवय्यांचा अपमान नव्हे. रसदीशिवाय लढाई समजत नाही आणि शिकवण्याशिवाय पदक समजत नाही.

(२३) दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला मान्य आहे. गुरू एकच नसतो. कुसळेच्या घडणीत त्याचे घर आहे, क्रीडा प्रबोधिनी आहे, सुरुवातीचे आणि मधले प्रशिक्षक आहेत, राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक आहेत, नोकरी देणारी रेल्वे आहे. 'चक्रवर्ती, देशपांडे, कुसळे' अशी सरळ रेघ ओढली की ती वाचायला छान वाटते, पण तिच्यात बाकीचे पुसले जातात. शिवाय पदक मिळाल्यावर गुरूंची संख्या वाढते, हा मानवी स्वभाव आहे. पदकानंतर सांगितलेल्या आठवणी हे दुय्यम दर्जाचे साधन, कारण त्या निकाल ठाऊक असताना सांगितलेल्या असतात.

(२४) यावर उपाय एकच : नोंद पदकाच्या आधी व्हायला हवी. आपल्या संगीतात घराण्यांची चर्चा होते, कारण कोण कोणाकडे किती वर्षे शिकला, कोणाची तालीम कशी होती, हे लोकांनी लक्षात ठेवले आणि लिहिले. त्यातही दंतकथा आहेत, वाद आहेत. पण वाद घालण्यापुरते तरी साहित्य आहे. तालमीतही वस्तादाचे नाव घेतल्याशिवाय पैलवानाची ओळख पूर्ण होत नाही. आधुनिक खेळांत मात्र आपण वस्तादाचे नाव घ्यायची जुनी सवय सोडली आणि नोंदवह्या जपायची नवी सवय लावून घेतली नाही.

(२५) याची किंमत काय असते, ते सांगतो. संजय चक्रवर्ती एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने मुंबईत गेले. एका संपूर्ण ऑलिम्पिक महिला संघाला घडवणारा माणूस. त्यांचे काम त्यांच्या शिष्यांच्या हातांत आणि डोळ्यांत शिल्लक आहे. पण त्या वर्षांत वरळीला सरावाचा दिवस कसा जाई, एखाद्या मुलीची उभी राहण्याची पद्धत पाहून ते काय बदलत आणि काय तसेच ठेवत, हे आता त्यांना विचारता येणार नाही. मी इतिहास शिकतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या मोडी कागदाचा एक फाटका कोपरा वाचण्यासाठी आम्ही आठवडे घालवतो. आणि आपल्या हयातीतला, फोन केला तर उचलणारा साक्षीदार आम्हाला साधन वाटत नाही.

(२६) म्हणून या धाग्याच्या तरुण वाचकांना एक काम सुचवतो. तुमच्या गावात किंवा शहरात संध्याकाळी मुलांना शिकवणारा कोणीतरी माणूस असेलच. आमच्याकडे आमखास मैदानावर आहेत, गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात आहेत. त्यांच्यातल्या एकाकडे जा. परवानगी घ्या, फोनवर ध्वनिमुद्रण करा, तारीख लिहा. 'तुमचा सर्वांत यशस्वी शिष्य कोण?' हा प्रश्न शेवटी ठेवा.

(२७) त्याआधी हे विचारा. तुम्हाला कोणी शिकवले? त्यांची कोणती गोष्ट तुम्ही तशीच ठेवली आणि कोणती मुद्दाम टाकून दिली? खेळाचा कोणता नियम बदलल्यावर तुम्हाला तुमचे शिकवणे बदलावे लागले? हरलेल्या मुलाशी दुसऱ्या दिवशी काय बोलता? कोणता विद्यार्थी सोडून गेला आणि का? जुन्या वह्या, गुणपत्रके, छायाचित्रे आहेत का? असतील तर तिथेच त्यांचे फोटो काढून ठेवा. माळ्यावरची वही रद्दीत जायला एक दिवाळीची साफसफाई पुरते.

(२८) मी स्वतः हे काम सुरू केले आहे. पहिल्याच मुलाखतीत ज्या गृहस्थांकडे गेलो त्यांनी अर्धा तास स्वतःविषयी काहीच सांगितले नाही, विद्यार्थ्यांविषयीच बोलत राहिले. "तुमच्याविषयी सांगा ना, सर," असे तिसऱ्यांदा म्हटल्यावर ते म्हणाले, "अहो, तेच तर सांगतोय." त्या वाक्याने माझी प्रश्नावली मला बदलावी लागली. शिकवणाऱ्याचे आत्मचरित्र बहुधा दुसऱ्यांच्या नावांनीच भरलेले असते. ते वाचायचे कसे, हे आपल्याला शिकावे लागेल.

(२९) त्या वाचकाला उत्तर : होय, आपल्याकडेही असे आहेत. त्यांच्या पायांखाली बर्फ नाही, एवढाच फरक. दीपाली देशपांडे यांची अथेन्समधली एक ओळ आणि पॅरिसमधले शिष्याचे पदक यांच्यामध्ये वीस वर्षे आहेत. त्या वीस वर्षांवर कोणीतरी नीट, साधार, मोठे लिहिले पाहिजे. लिहिणारा तुमच्यापैकी कोणी असेल तर मला आनंद होईल.

(३०) आज संध्याकाळी मनोऱ्याखालून जाताना पुन्हा वर पाहिले. वेळ सगळ्यांना दिसते. चावी देणाऱ्याला मात्र रोज जिना चढावा लागत असणार, आणि तो खाली कोणालाच दिसत नसणार. त्याचे नाव शोधायला मी शंभर वर्षे उशिरा आलो. तुमच्या मैदानावरच्या माणसाच्या बाबतीत तुम्हाला अजून उशीर झालेला नाही.

धागा समाप्त. तुमच्या गावच्या प्रशिक्षकांविषयी खाली लिहा, पण सार्वजनिक करण्याआधी त्यांना विचारून.